नवरा परदेशात, तारीख वांद्र्यात

वांद्रे-कुर्ला संकुलात रिक्षाच्या एका भाड्यात तीन कचेऱ्या होतात: कुटुंब न्यायालय, विदेश भवनातलं प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय आणि अमेरिकेचा वाणिज्य दूतावास. कुटुंब न्यायालय मुंबईत १९८९ साली सुरू झालं. दूतावास २०११च्या नोव्हेंबरात ब्रीच कँडीहून इकडे आला आणि विदेश भवन २०१७च्या ऑगस्टमध्ये उघडलं. परदेशातल्या नवऱ्याशी भांडणाऱ्या बाईचं प्रकरण हातात घेतलं की या तिन्ही दारांशी गाठ पडते, आणि एका दारातला कागद दुसऱ्या दारात चालेलच असं नाही. कोर्टाचा आदेश दूतावासावर बंधनकारक नाही. व्हिसाची मुदत कोर्टाची तारीख बघून थांबत नाही. पासपोर्ट अडकवून ठेवण्याचा अधिकार तर पासपोर्ट कार्यालयाचाच, पोलिसांचा नाही आणि कोर्टाचाही नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेच २००८ साली सांगून टाकलेलं आहे.

माझी बहुतेक वकिली या त्रिकोणात आणि अंधेरी, बोरिवली, मुलुंड, विक्रोळी, कुर्ला इथल्या दंडाधिकारी न्यायालयांत गेली. एका स्वयंसेवी संस्थेच्या मानधनावर ती केली, त्यामुळे बार रूममध्ये ओळख कायम ‘एनजीओवाली मॅडम’ अशीच राहिली. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा, मारहाण हे रोजचं काम. त्यात व्हिसा आणि पासपोर्ट कधी शिरले याची तारीख सांगता येणार नाही, पण ते आले आणि मग गेलेच नाहीत. मागे वळून पाहताना एक गोष्ट मला नक्की सांगावीशी वाटते. गेल्या पस्तीस वर्षांत अशा बाईला निकाल मिळणं बरंच सोपं झालं. निकाल नवऱ्यापर्यंत पोचवणं मात्र तेवढं सोपं झालं नाही.

या कामाची जमीन आमच्या आधीच्या बायकांनी नांगरून ठेवली होती. मथुरा बलात्कार प्रकरणातल्या निकालाविरुद्ध १९८० साली मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. त्यातूनच पुढे सांताक्रूझला वाकोल्यात मार खाऊन घराबाहेर पडलेल्या बायकांसाठी विमेन्स सेंटर चालू झालं. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला आणि समाजसेविका पोलिसांच्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या. फ्लेव्हिया अॅग्नेस यांनी आधी स्वतः सोसलेल्या मारहाणीवर लिहिलं, मग कायदा शिकल्या आणि मधुश्री दत्ता यांच्यासोबत ‘मजलिस’ उभी केली. कालिन्याच्या त्या कार्यालयातून बायकांची प्रकरणं बायकाच लढवू लागल्या. आमच्या पिढीला हे सगळं आयतं मिळालं.

कुटुंब न्यायालयाकडून तेव्हा फार अपेक्षा होत्या. १९८४च्या कायद्याच्या तेराव्या कलमाप्रमाणे तिथे वकिलाला हक्काने उभं राहता येत नाही, न्यायाधीशांची परवानगी लागते. हेतू चांगला होता: काळे कोट बाजूला राहावेत, समुपदेशकांनी दोघांना समोरासमोर बसवावं, संसार वाचला तर वाचावा. प्रत्यक्षात घाटकोपरच्या चाळीतून आलेली बाई इंग्रजी अर्जापुढे एकटी उभी राहायची आणि नवऱ्याच्या बाजूचा अर्ज बाहेर कुठल्या तरी कसलेल्या वकिलाने आधीच लिहून दिलेला असायचा. मग आमच्यासारख्यांनी व्हरांड्यात, जिन्यात, कँटीनच्या टेबलावर अर्ज लिहून द्यायचे आणि आत बाईने स्वतः बोलायचं. समुपदेशकांमध्ये काही फार समंजस होते. काहींना मात्र ‘जमवून घ्या’ यापलीकडे काही सुचत नसे. नवराच न्यूजर्सीत असेल तर जमवून घ्यायचं कोणाशी, हा प्रश्न त्या टेबलावर अनेकदा पडला. नवऱ्याची खुर्ची रिकामी आणि समजावणी फक्त बायकोची, असं ते दृश्य असायचं.

१९९० नंतर ही रिकामी खुर्ची वारंवार दिसू लागली. अमेरिकेने त्या वर्षीच्या कायद्याने एच-१बी व्हिसा आणला, अंधेरीच्या सीप्झमधली संगणकाची पोरं भराभर तिकडे गेली आणि मुलुंड, पार्ले, बोरिवलीच्या लग्नाच्या बाजारात ‘तिकडचा मुलगा’ सगळ्यात वरच्या भावाला विकला जाऊ लागला. तीन आठवड्यांच्या रजेत बघणं, साखरपुडा, लग्न, महाबळेश्वर आणि परत विमान. चौकशीला वेळ नसे आणि चौकशी करायची ती तरी कुणाकडे! मुलाच्या मावशीने सांगितलेला पगार हाच पुरावा.

याच सुमारास, ९ जुलै १९९१ रोजी, सर्वोच्च न्यायालयाचा नरसिंह राव निकाल आला. (त्याच सुमारास पंतप्रधान झालेल्या राव यांच्याशी त्याचा काही संबंध नाही. पक्षकार आंध्रातले एक साधे गृहस्थ होते. नव्या वकिलांचा हा घोटाळा मी अजूनही निस्तरते.) लग्न तिरुपतीला झालेलं. नवऱ्याने मिझुरी राज्यात नव्वद दिवस राहिल्याचं दाखवून तिथे घटस्फोट घेतला. न्यायालयाने तो अमान्य केला. ज्या कायद्याखाली लग्न झालं, त्याच कायद्याप्रमाणे अधिकार असलेल्या कोर्टाने आणि त्याच कायद्यातल्या कारणांवर घटस्फोट दिला पाहिजे. नाहीतर बायकोने त्या परक्या कोर्टाचा अधिकार स्वखुशीने आणि खऱ्या अर्थाने मान्य केलेला असला पाहिजे. तीन वर्षांनी, १९९४ साली, लग्नानंतर टाकून दिलेल्या आणखी एका मुलीच्या प्रकरणात न्यायालयाने सरकारला सुचवलं की भारतात झालेलं असं लग्न परदेशी कोर्टाला रद्दच करता येऊ नये असा कायदा करा. तो कायदा आजतागायत झालेला नाही.

पण नरसिंह राव निकालाने आम्हाला हत्यार दिलं. पोस्टाने जाड पाकीट यायचं, आत टेक्सास किंवा कॅलिफोर्नियाच्या कोर्टाची प्रत. आई-वडील हादरलेले, ‘मॅडम, आमच्या मुलीचा घटस्फोट झाला म्हणे!’ नाही झाला काकू, हे मला शांतपणे सांगता यायचं. मग एक सूचना अगदी पहिल्याच भेटीत द्यावी लागे: त्या पाकिटातल्या कुठल्याही कागदावर सही करून परत पाठवू नका. तिथल्या कोर्टाचा अधिकार मान्य केला असा त्याचा अर्थ लावला जाऊ शकतो. मात्र पाकीट कपाटात टाकून गप्प बसणंही धोक्याचं, कारण अमेरिकेत तो घटस्फोट खराच ठरतो आणि नवरा तिकडे दुसरं लग्न करून मोकळा होतो. एकच बाई वांद्र्यात विवाहित आणि डलासमध्ये घटस्फोटित अशी अवस्था मी वर्षानुवर्षं पाहिली आहे.

खरी लढाई असे समन्सच्या बजावणीची. उपनगरातला नवरा असेल तर बेलीफ चारदा घर शोधून परत येतो, हे समजू शकतं. परदेशातल्या नवऱ्याचा पत्ताच नसे. मुलीला घराचा रस्ता आठवायचा, कोपऱ्यावरचं दुकान आठवायचं, घरक्रमांक नाही. म्हणून आम्ही जुनी पाकिटं मागायचो, शुभेच्छापत्रं, पैसे पाठवल्याची पावती, कंपनीच्या नावाची टोपीसुद्धा. परदेशात समन्स बजावण्याचा हेगचा करार भारताने २००६ साली स्वीकारला आणि २००७च्या ऑगस्टपासून तो लागू झाला. त्याने एक सरळ रस्ता मिळाला: कोर्ट, दिल्लीचं विधी मंत्रालय, तिकडची यंत्रणा आणि परत. रस्ता सरळ आहे, जवळचा नाही. महिने जातात, आणि मधल्या काळात माणूस नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात गेलेला असतो. आता ईमेल आणि व्हॉट्सअॅपवरची नोटीस काही न्यायाधीश मान्य करतात. हा बदल मला कित्येक मोठ्या निकालांपेक्षा मोलाचा वाटतो.

पैशाची बाजू तर हास्यास्पद होती. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५व्या कलमाखाली पोटगीला केंद्रीय कायद्यात ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती आणि ती २००१ सालापर्यंत टिकली. डॉलरमध्ये कमावणाऱ्या माणसाविरुद्ध ५०० रुपये मागताना हसावं की रडावं कळत नसे. अर्थात कुटुंब न्यायालयात इतर कायद्यांखाली जास्त मागता यायचं, पण मग त्याचा पगार सिद्ध करा. तो कसा करणार? २०२०च्या नोव्हेंबरात ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र ठरलेल्या नमुन्यात देणं सक्तीचं केलं, आणि पोटगी अर्ज केल्या दिवसापासून देय ठरवली. ‘मी बेकार आहे’ असं डेट्रॉइटमधून सांगणाऱ्यांची थोडी पंचाईत झाली.

आखातातल्या नवऱ्यांची फाईल वेगळी. कुर्ला, साकीनाका, जोगेश्वरी भागातल्या मुस्लीम बायकांकडे दुबई किंवा कुवेतहून रजिस्टर पत्र यायचं: तलाक दिला आहे. २००२ साली औरंगाबाद खंडपीठात बसलेल्या उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की नुसतं लिहून पाठवल्याने तलाक होत नाही, कारण आणि समेटाचा प्रयत्न सिद्ध करावा लागतो. तिहेरी तलाकवरच्या २०१७च्या शायराबानो निकालाची आणि २०१९च्या कायद्याची चर्चा देशभर झाली. त्याआधी पंधरा वर्षं आम्ही त्या दोन निकालांच्या झेरॉक्स प्रतींवर पोटगी मिळवत होतो, हे मात्र कुणी विचारत नाही.

२६ ऑक्टोबर २००६ला कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा अंमलात आला आणि आमचं काम वांद्र्याहून उपनगरांत सरकलं. त्याच्या २७व्या कलमाप्रमाणे बाई तात्पुरती राहते त्या ठिकाणच्या दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. संसार शिकागोत, मार शिकागोत, पण ती माहेरी मुलुंडला परतली तर अर्ज मुलुंडला. हिंदू विवाह कायद्यातही २००३च्या दुरुस्तीने बायकोला स्वतः राहते तिथे दाद मागता येऊ लागली होती. पुढे २०१९ साली ‘चारशे अठ्ठ्याण्णव’च्या, म्हणजे सासरच्या छळाच्या, तक्रारीबाबतही सर्वोच्च न्यायालयाने आसऱ्याचं ठिकाण मान्य केलं. त्याआधी पोलीस ठाण्यात ‘घटना इथे घडलेली नाही’ म्हणून एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, हातात ठेवून परत पाठवत. २०१४ साली घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली तेव्हा एका दिवशी सकाळी विक्रोळी आणि दुपारी अंधेरी, अशा दोन कोर्टांत उभं राहणं जमू लागलं. कायद्याच्या इतिहासात याची नोंद कुणी घेणार नाही, पण अशिलांची निम्मी तारीख प्रवासातच वाया जायची.

तिकडे राहिलेल्या मुलींची गोष्ट निराळी. एच-४ म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला लटकलेला व्हिसा. नोकरी तर २०१५ पर्यंत करताच येत नसे, नवऱ्याने नाव काढलं की राहण्याचा हक्क संपतो. १९९४चा अमेरिकेचा हिंसाचारविरोधी कायदा नागरिकांच्या आणि ग्रीन कार्डधारकांच्या बायकांना स्वतःचा अर्ज करू देतो. एच-४वाल्या त्यात बसत नव्हत्या. २००५च्या दुरुस्तीने त्यांना कामाच्या परवानगीचं दार किलकिलं केलं, आणि त्या अर्जाचा नमुना निघायला २०१७ उजाडलं! अशा वेळी न्यूजर्सीची १९८५ पासूनची ‘मानवी’, न्यूयॉर्कची ‘सखी’, कॅलिफोर्नियाची ‘मैत्री’ या संस्थांचा आधार असे. व्हिसा आणि कौटुंबिक कायदा दोन्ही एकाच टेबलावर पाहणारे वकील त्यांनी जोडून दिले. ते मला रात्री फोन करत, मी त्यांना पहाटे. त्यांना हवी असत ती इथली कागदपत्रं: लग्नाचा दाखला, स्त्रीधनाची यादी, माहेरी पाठवलेल्या मेलच्या प्रती. मला हवा असे तिथल्या पोलिसांचा अहवाल. दोन गरीब संस्थांनी एकमेकींची टपालसेवा केली आणि त्यातून बायका सुटल्या, असं म्हणायला हरकत नाही.

आणि सहार विमानतळावर सोडून दिलेल्या? आजीला भेटून ये म्हणून नवरा तिकीट काढून देतो, तिचा पासपोर्ट ‘माझ्याकडे राहू दे’ म्हणतो किंवा इथे आल्यावर घेऊन परत जातो, आणि मग फोन लागत नाही. तिच्या हातात व्हिसा नाही म्हणून ती तिकडच्या कोर्टात जाऊ शकत नाही. म्हणजे सगळा खटला त्याच्याच अंगणात आणि एकतर्फी. ब्रिटनने अशा मागे टाकलेल्या बायकांना देशाबाहेरूनही अर्ज करण्याची सोय २०२४ साली केली. पण अशी सोय सगळ्याच देशांत नाही.

सगळ्यात अवघड मुलांचं. अमेरिकेत जन्मलेलं मूल अमेरिकेचं नागरिक. आई त्याला घेऊन बोरिवलीला आली की तिच्यासाठी ते घर असतं, वडिलांसाठी अपहरण. मुलाचा भारतातला व्हिसा संपत आलेला असतो. ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचं कार्ड, काढायचं तर दोघांच्या सह्या, सोळा वर्षांखालच्या मुलाचा अमेरिकन पासपोर्ट नवा करायचा तरी दोघांची संमती. आणि एक सही देणारा तर प्रतिवादी! शाळेत प्रवेश देताना मुख्याध्यापक व्हिसा मागतात. मग सीएसटीजवळच्या विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात जाऊन कोर्टाच्या रोजनाम्याच्या प्रती दाखवत मुदतवाढ मागायची. २०१८ पासून हे ऑनलाइन झालं, १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६चा जुना विदेशी नागरिक कायदा जाऊन नवा आला, पण ही दोन सह्यांची अडचण जिथल्या तिथे आहे.

या बाबतीत न्यायालयांचा काटाही हलत राहिला. १९८४ आणि २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांना परत पाठवलं. २०१७ साली म्हटलं की परदेशी कोर्टाचा आदेश हा विचारात घ्यायचा एक मुद्दा, मुलाचं हित सर्वांत वर. २०२० साली पुन्हा एका लहान मुलीला अमेरिकेला परत नेण्याचा आदेश झाला. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाचा १९८०चा हेग करार भारताने अजून स्वीकारलेला नाही. विधी आयोगाने २००९ साली तो स्वीकारावा असं सुचवलं, नंतर मसुदे झाले, समिती झाली. माझ्या ओळखीचे चांगले वकील त्या कराराच्या बाजूचे आहेत, कारण पळवून आणलेलं मूल बापाला दुरावतं हेही खरंच. मी मात्र विरोधात आहे. मार चुकवायला पळालेल्या बाईला आधी परत जा आणि मग तिथे, व्हिसा नसताना, पैसे नसताना, भांड, असं सांगणारी व्यवस्था मला मान्य नाही. तिच्या राहण्याची, वकिलाची आणि व्हिसाची हमी समोरच्या देशाने लिहून दिली तर माझं मत बदलेल.

काही गोष्टी मात्र चटकन सुधारल्या. २०१७ साली परस्परसंमतीच्या घटस्फोटातली सहा महिन्यांची वाट योग्य प्रकरणांत माफ होऊ लागली. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने अमेरिकेतल्या बायकोची संमती स्काइपवर घ्यायला सांगितली. करोनाने राहिलेला संकोच घालवला. आता मुलगा-मुलगी दोघंही परदेशात आणि ‘म्युच्युअल’ वांद्र्यात, ही नेहमीची गोष्ट आहे.

परदेशस्थ भारतीयांच्या लग्नांच्या नोंदणीचं विधेयक ११ फेब्रुवारी २०१९ला राज्यसभेत मांडलं गेलं: तीस दिवसांत नोंदणी, नाहीतर पासपोर्टवर कारवाई, समन्स सरकारी संकेतस्थळावर. आमच्यासारख्यांना हवं ते बहुतेक त्यात होतं. ते पुढे सरकलं नाही. २०२४च्या फेब्रुवारीत विधी आयोगाने पुन्हा सर्वंकष कायदा मागितला. मुलींच्या लग्नाला थांबायला तेवढा वेळ नसतो.

म्हणून वाचकांना, त्यातही मुलीच्या आई-बाबांना, चार कामं सांगते. लग्नाची नोंद महापालिकेच्या वॉर्डात लगेच करा: मुलुंडला टी, घाटकोपरला एन, बोरिवलीला आर-मध्य. मुलाच्या पासपोर्टची, व्हिसाची, नोकरीच्या पत्राची आणि राहत्या पत्त्याची प्रत लग्नाआधी मागा. मागितल्यावर राग येत असेल तर तीच माहिती समजा. मुलीचा पासपोर्ट आणि मूळ कागद मुलीकडेच राहू देत, स्कॅन केलेल्या प्रती माहेरी. आणि परदेशी कोर्टाचं पाकीट आलं तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. फी कुठून आणू, हा प्रश्न मनात असेल तर १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२व्या कलमाप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. फोन नंबर १५१००.